पडणाऱ्या माणसाचं रीळ

माझं नोकरीतलं सगळं आयुष्य लोकांच्या पाठीकडे बघण्यात गेलं. सिनेमाचा ऑपरेटर प्रेक्षकांच्या मागे उभा असतो, त्याला चेहरे दिसत नाहीत. पण पाठीवरूनही पुष्कळ कळतं. रडणारा माणूस अंधारात गुपचूप बसतो, तो लवकर ओळखू येत नाही. हसणारा मात्र लपत नाही. आधी खांदे हलतात, मग मान मागे जाते, आणि मग तो शेजारच्याच्या मांडीवर थाप मारतो, ओळख असो की नसो. आमच्या घरची चूल अशा हलणाऱ्या खांद्यांवर पेटली असं म्हटलं तरी चालेल.

मी मूळचा बाळापूरचा. वडील सतरंज्या विणायचे. मला मागावर बसवण्याचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, पण माझा जीव अकोल्यातल्या थिएटरच्या मशीनघरात अडकलेला होता. पुढे तिथेच चिकटलो. रविवारी सकाळी तिथे स्वस्तातला खेळ असायचा. जुनी, मुकी, परदेशी विनोदी रिळं. अकोल्याचे लोक त्यांना ‘पडापडीचे पिक्चर’ म्हणत, आणि मला अजूनही त्याहून चांगलं नाव सुचलेलं नाही.

ज्यांनी ते पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. यात एक माणूस असतो आणि त्याला एक साधं काम करायचं असतं. भिंत रंगवायची, लग्नघरी केक पोचवायचा, पळालेलं कुत्रं धरायचं. ते एक काम सोडून बाकी सगळं त्याच्या हातून होतं. तो घसरतो, आपटतो, शिडीवरून कोसळतो, नेमका पोलिसाच्या अंगावर जाऊन पडतो. आणि दर वेळी उठतो, कपडे झटकतो, टोपी उचलतो आणि पुन्हा त्याच कामाला लागतो. शिकलेल्या मंडळींना हे पोरकट वाटतं. वाटू दे. मी तीच ती रिळं वर्षानुवर्षं चालवली, आणि मशीनच्या खिडकीतून दर वेळी डोकावून पाहिलीही. ड्रामे आले, मारधाडीचे आले, त्यांच्यासाठी मी कधी मान वर केली नाही.

त्या रविवारच्या खेळाला एक टेलर मास्तर यायचे. प्रत्येक रीळ त्यांना पाठ. माणूस पडायच्या आधीच ते हसायला लागायचे, त्यामुळे पहिल्यांदा पाहणारे वैतागायचे. एकदा एकानं तक्रार केली, तर आमच्या मॅनेजरनं मास्तरांना उठवण्याऐवजी मधल्या रांगेतली खुर्ची कायमची फुकट देऊन टाकली. मला म्हणाला, “रशीद, हासण्याले विरजण लागते. मास्तर म्हणजे आपलं विरजण हाय.” त्याचं खरं होतं. मास्तर एकदा तापानं पडले. तेच रीळ, तेवढीच गर्दी, पण हसू पातळ. लोक एकमेकांकडे बघत होते की आता हसायचं का म्हणून. एकटा माणूस सहसा हसत नाही. कोणीतरी आधी हसावं लागतं.

थिएटर बंद पडलं तेव्हा मी अमरावतीच्या एका संस्थेच्या गाडीवर लागलो. एक जुनी गाडी, एक लहान मशीन, एक पांढरा पडदा. गाडी चालवायला गजाभाऊ. तो चांदूर बाजारचा, तोंडानं तिखट आणि मनानं लोणी. आम्ही अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या गावागावांत फिरायचो. फवारणी करताना तोंड बांधा, पाणी उकळून प्या, असले शिकवणीचे सिनेमे दाखवायचे. ते पाहायला कोण येतो? म्हणून आधी पडापडीचं एक रीळ लावायचं, गाव जमवायचं आणि मग शिकवण सुरू करायची. गजाभाऊ त्याला ‘गुळात घालून गोळी’ म्हणायचा.

मुकं रीळ चालवणं वाटतं तितकं सोपं नसतं. बोलपटापेक्षा ते सावकाश चालवायचं असतं, त्यासाठी मशीनवर वेगळं बटण असतं. सगळं गणित त्या वेगावर. पडणं झटकन झालं पाहिजे. हे मला बाळापूरकडच्या एका गावात कळलं. वीज अशी आली होती की बल्बची तार नुसती लाल. मशीन कण्हत चालली होती. शिडीवरचा माणूस हळूहळू खाली यायला लागला. त्याचे हात हवेत आधार शोधत होते, तोंड उघडं होतं. एरवी इथे पोट धरून हसतात. त्या दिवशी गाव “अरे, अरे, अरे!” करत उठून उभं राहिलं, आणि पुढे बसलेला एक म्हातारा हात पसरून पडद्याकडे धावला. माणूस तोच, शिडी तीच, पण हळू पडल्यामुळे तो खरोखरच पडला होता. त्यानंतर व्होल्टेज पाहिल्याशिवाय मी ते रीळ कधी चढवलं नाही.

आणि एक रीळ मी त्या वर्षांत पेटीतून काढणंच सोडून दिलं. त्यात लग्नघरी सगळे वऱ्हाडी एकमेकांच्या तोंडावर केक फेकून मारतात. अकोल्यात त्याला छप्पर उडायचं. एका कोरडवाहू गावात मी ते लावलं, आणि कोणीच हसलं नाही. पहिला केक फुटला, दुसरा फुटला. पुढे बसलेली एक म्हातारी कळवळून म्हणाली, “खायाची वस्तू हाय ना रे ते, बापा! काहून फेकून राह्यले?” बाकीच्या बायकांनी चुकचुक केली. मला मशीनमागे मान वर करवेना. कापसाला भाव नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या, संत्र्याच्या बागा उभ्या वाळत होत्या. त्या गावाला मी अन्न मातीत घालणारी माणसं दाखवत होतो. म्हातारीचं काय चुकलं?

अशाच दिवसांत संस्थेच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. भला माणूस होता. म्हणाले, “रशीदभाई, ज्या गावात नुकतीच मयत झाली असेल तिथे हसण्याचं काही दाखवू नका. बरं दिसत नाही.” मलाही ते पटलं. पण त्या वर्षांत मयत न झालेलं गाव मिळणं कठीण होतं. विनोदी रिळांची पेटी उघडायचे दिवस कमी कमी होत गेले, आणि आमच्या खेळाला येणारी माणसंही.

तर आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायला बसलो आहे, तो दिवस.

वलगाव मागे टाकून चांदूर बाजारच्या रस्त्याला लागलं की आतल्या बाजूला एक गाव आहे. नाव सांगत नाही. संध्याकाळची वीज तिथे जायचीच, म्हणून खेळ दुपारचा ठेवला होता. जागा होती कापसातली सरकी काढायच्या, आता बंद पडलेल्या जिनिंगची शेड. खिडक्यांना पोती ठोकून आम्ही अंधार करत होतो. जमिनीच्या भेगांत अजून सरकी होती आणि तुळयांवर कापसाचे पुंजके लोंबत होते. सरपंच आले आणि गजाभाऊला बाजूला घेऊन म्हणाले, “फक्त पाण्याचाच दाखवा हं भाऊ. आमच्या इथं मानूस विहिरीत पडून मेला.”

तो विहिरी खोल करायच्या कामावर जायचा. तेव्हा सगळा मुलूखच पाण्यासाठी खाली खाली जात होता, त्याच्यासारख्याला उसंत नव्हती. विहिरीत आडवी फळी बांधून काम चाललं होतं. फळी निसटली. खाली पाणी असतं तर कदाचित वाचला असता, असं सरपंच म्हणाले.

सरपंच गेले, आणि थोड्या वेळानं एक बाई शेडच्या दाराशी येऊन उभी राहिली. डोक्यावर भाजीची रिकामी टोपली, मागे शाळेच्या फ्रॉकातल्या दोन मुली. गजाभाऊ माझ्या कानाशी लागला, “हेच ते. कांताबाई. त्याची घरवाली.” त्यानं हातातला हातोडा उगाचच खाली ठेवला. मीही कामाचं काहीतरी शोधू लागलो.

“चाचा,” ती सरळ मला म्हणाली, “तुमी हासण्याचा सिनेमा दाखवता ना पयले?”

“दाखवतो बाई. पन आज फक्त पान्याचा हाय.”

“काहून? मायासाठी?”

तिनं टोपली खाली ठेवली आणि दाराच्या चौकटीला टेकली. भांडायला आलेली बाई नव्हती ती. थकलेली होती.

“चाचा, मी बाजारात भाजी घेऊन बसली की बायका चूप होतात. कोणी मायासंग भाव करत नाई. म्या सांगतला तो पैसा ठेवतात अन् जातात. आधी मेथीच्या जुडीसाठी मायासंग भांडत होत्या ह्याच बाया. आता मले भीक दिल्यावानी वाटते. पाण्यावर गेली, चूप. देवळात गेली, चूप. माणूस माया मेला, मी त जित्ती हाय ना?” तिनं मागे वळून मुलींकडे पाहिलं. “माह्यं जाऊ द्या. ह्या पोरी. हे धाकटी परवा घरात कायतरी आठवून हासली, अन् मोठीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. मले पाहून. पोरींले वाटते हासनं म्हणजे बापाशी गुन्हा हाय.”

मोठीनं मान खाली घातली. गजाभाऊ दुसरीकडे बघायला लागला.

“आज आख्खं गाव येते इथं,” कांताबाई म्हणाली. “त्यायच्या समोर मी बसतो पोरींले घेऊन. तुमी हासण्याचा लावा. एक डाव गाव मायासमोर हासलं पायजे चाचा. नाई त ह्या दोघी अशाच मोठ्या होतील.”

मी हो म्हणालो. साहेबांचा हुकूम आठवत होता, सरपंचांचा शब्दही. तरी हो म्हणालो. ती गेल्यावर पेटी उघडली आणि माझी पाचावर धारण बसली. कारण पडापडीच्या रिळांत पडापडी असतेच. एक रीळ काढलं, त्यात माणूस गच्चीवरून पडतो. दुसऱ्यात पुलावरून. तिसरं हातात घेतलं आणि नाव वाचूनच परत ठेवलं, त्यात हौद होता. माणूस पडत नाही असं एकही रीळ माझ्याकडे नव्हतं. असं रीळ जगात कोणी काढलंच नसेल. शेवटी शिडीवाला रंगारी निवडला. त्यात मधे दोन लहान आपट्या आहेत आणि मोठं पडणं अगदी शेवटी, चुन्याच्या पिंपात.

“हे लावणार तुमी?” गजाभाऊ म्हणाला. “त्या बाईसमोर शिडीवरून मानूस पाडणार?”

“पाडत नाई,” मी म्हणालो. “हात लावतो.”

ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. फिरत्या सिनेमात काही लाजिरवाणं दृश्य आलं आणि समोर बायकामाणसं असली की ऑपरेटर भिंगासमोर तळहात धरायचा. पडदा काळा व्हायचा, मशीन चालूच राहायची, दृश्य निघून गेलं की हात बाजूला. रीळ कापावं लागत नाही आणि कोणाला काही बोलावं लागत नाही. चुंबनासाठी वापरलेला हात मी पडण्यासाठी वापरायचं ठरवलं.

शेड भरली. कांताबाई अगदी पुढे बसली, एकेका बाजूला एकेक मुलगी. तिच्या मागे लोकांनी एका रांगेची जागा मोकळी सोडली होती. विनोदी रिळांची पेटी उघडी दिसली तशी सरपंचांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, पण तेवढ्यात मी दिवा लावला.

रंगारी खांद्यावर शिडी घेऊन आला. वळला, तशी शिडीनं एकाची टोपी उडवली. परत वळला, तशी दुसऱ्याच्या डोक्यात बसली. याला न हसलेलं गाव मी पाहिलेलं नव्हतं. पण त्या शेडमध्ये कोणी हूं की चूं केलं नाही. सगळ्या पाठी ताठ. सगळे पडद्याकडे कमी आणि कांताबाईच्या डोक्याकडे जास्त बघत होते. माझ्या मशीनचा खडखडाट मी जन्मात पहिल्यांदा इतका स्पष्ट ऐकला. प्रकाशाच्या झोतात कापसाचे तंतू तरंगत होते, तेवढीच काय ती हालचाल.

पहिली आपटी आली. मी हात लावला. काळोख. काढला. रंगारी कपडे झटकत होता. दुसरी आली. पुन्हा हात. लोकांना काही कळेना, पण विचारणार कोण? शेवटी तो शिडीच्या टोकाला चढला, ब्रश लांब धरून पुढे वाकला, शिडी डुलायला लागली. मी हात लावला. बराच वेळ धरला. काढला तेव्हा तो मानेपर्यंत चुन्याच्या पिंपात होता.

“चाचा,” कांताबाईचा आवाज आला. तिनं मागे वळूनही पाहिलं नव्हतं. “अंधार काहून करून राह्यले?”

मी मशीन थांबवली. “मशीन गरम होते बाई,” मी म्हणालो. तोंडात येईल ते बोललो.

“बरी गरम होते. बराबर मानूस पडाच्याच टायमाले?”

मागे कुठेतरी एक बाई फसकन हसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. कांताबाईनं मान वळवली. “हास ना वं! तोंड काहून दाबतं?” मग इकडून तिकडून दोघं-चौघं हसले, चोरून, एकमेकांचा आडोसा घेत. कांताबाई उठून उभी राहिली. “हात काढा चाचा. मागं घ्या अन् पुन्हा दाखवा. पडू द्या त्याले.”

माझ्या मशीनला रीळ उलटं फिरवायचा खटका होता. उलटं फिरवताना दिवा आधी बंद करायचा, हा आमचा पहिला धडा. नवशिक्यालाही तो चुकत नाही. त्या क्षणी सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. खटका ओढला आणि दिवा तसाच राहिला.

पडद्यावर पिंपातला चुना हलला. उडालेले शिंतोडे हवेतून परत आले. रंगाऱ्याच्या अंगावरचा चुना सरसर खाली उतरला आणि तो पिंपातून वर निघाला, कोरडा, काळ्या कोटातला. हवेतून वर वर गेला. कलंडलेली शिडी त्याच्याखाली उभी राहिली आणि त्याचे पाय तिच्यावर अलगद टेकले. खालून टोपी उडाली आणि डोक्यावर बसली. हातात ब्रश. धडधाकट.

नुकतं कुठे सुरू झालेलं हसू जागच्या जागी थांबलं. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण शेडमधल्या सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली होती.

“थांबवा,” कांताबाई म्हणाली.

मी चित्र थांबवलं. थांबलेल्या चित्राला दिव्याची धग लागते. मशीनमध्ये एक जाळी आडवी येते, तिच्यामुळे रीळ थोडा वेळ टिकतं. फार वेळ नाही. चित्र जरा काळवंडलं. रंगारी शिडीवर उभा होता. त्याच्या खाली कांताबाई उभी होती आणि वर मान करून त्याच्याकडे बघत होती. दोन्ही मुली बसल्या जागेवरून तिच्याकडे. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या हे मला नंतर कळलं.

चित्राच्या कडेला तपकिरी डाग धरायला लागला. गजाभाऊ कुजबुजला, “भाई, रीळ जळते ना.” मी हललो नाही. जळालं असतं तर जळू दिलं असतं, एवढं नक्की.

“चाचा,” तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, “असा कितीक वेळ राहू शकते तो?”

“फार वेळ नाई बाई,” मी म्हणालो. “जळून जाते.”

तिनं मान हलवली. आणखी थोडं पाहिलं. मग खाली बसली, दोन्ही पोरींना जवळ ओढलं आणि म्हणाली, “मंग चालवा.”

मी मशीन चालवली आणि हात मागे बांधले. शिडी डुलली, रंगारी एका पायावर नाचला, ब्रश उडाला, टोपी उडाली आणि तो धपकन पिंपात गेला. चुना छपरापर्यंत उडाला. पिंपातून एक पांढरं डोकं वर आलं, त्यानं डोळे उघडले, तोंडातून चुन्याची चूळ थुंकली आणि चुन्यात पडलेली टोपी उचलून डोक्यावर घातली. टोपीतही चुना होता. तो सगळा त्याच्या तोंडावर ओघळला.

कांताबाई हसली. पोरींकडे वळली तेव्हा पडद्याच्या उजेडात दिसलं, गालांवरून पाणी वाहत होतं. ते तिनं पुसलं नाही, आणि ती मोठ्यानं, तोंड न झाकता हसली. मग सगळी शेड हसली. मोठी मुलगी आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, खरंच हसते आहे ना याची खात्री करत. खात्री झाली तशी तिनं आईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि हसत की रडत तशीच हलत राहिली.

धाकटी मात्र उठून उभी राहिली, माझ्याकडे वळली आणि सगळ्या गावाच्या डोक्यावरून ओरडली, “चाचा, अजून एक डाव पाडा त्याले!”